पंधरा मिनिटांचा बाजार

सुरुवातीलाच एक कोडं घालतो. ती बाजारात विकली जाते, पण पोत्यात भरता येत नाही. कांद्यासारखी चाळीत साठवता येत नाही. जन्मते त्याच क्षणी संपते. संध्याकाळी गेली तर तुमचा अभ्यास बुडतो आणि रात्री आली तर तुमच्या वडिलांची झोप उडते. सांगा बरं, कोण?

बरोबर, वीज! आणि ते शेवटचं वाक्य वाचून पारनेर तालुक्यातल्या मुलांनी तर लगेच ओळखलं असेल.

समजा, तुम्ही पारनेरजवळच्या एखाद्या वस्तीवर राहता. डिसेंबरचे दिवस आहेत. शेतात कांदा उभा आहे. विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार आहे आणि या आठवड्यात तुमच्या भागाला थ्री फेज लाईट रात्रीची आहे. वडील कानटोपी घालतात, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेतात आणि दारं धरायला निघतात. आई दारातून म्हणते, "जपून जा हो. ओढ्याकडं बिबट्या दिसलाय म्हणतात." तुम्ही गोधडीत पडल्यापडल्या विचार करता, की दिवसभर ही मोटार नुसती बसून होती. मग वीज रात्रीच का येते? ती काय रात्रीच पिकते?

प्रश्न अगदी योग्य आहे! त्याचं उत्तर मात्र तुमच्या डीपीपाशी सापडणार नाही. ते शोधायला आपल्याला नवी मुंबईतल्या ऐरोलीला जावं लागेल, विजेच्या बाजारात डोकवावं लागेल आणि मग परत पारनेरला यावं लागेल. चला तर.

दुधापेक्षाही नाशवंत

दूध सकाळी काढलं तर संध्याकाळपर्यंत टिकतं. विजेचं तसं नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात ती तयार होते आणि त्याच क्षणी कुठेतरी कुणाचा तरी पंखा, गिरणी किंवा मोटार ती वापरून टाकते. बॅटरीत थोडी साठवता येते, पण सगळ्या राज्याला रात्रभर पुरेल एवढी साठवणं अजून जमलेलं नाही. म्हणून जेवढी वापर, तेवढीच निर्मिती. प्रत्येक क्षणाला!

हा तोल बिघडला की नाही, हे कळतं कसं? त्यासाठी विजेची नाडी बघतात. आपल्या विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा करते. यालाच ५० हर्ट्झ वारंवारता म्हणतात. कोळशावर चालणाऱ्या मोठ्या केंद्रातला जनित्राचा दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला बरोबर ५०.

आता एक लांबच लांब सायकल डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर शेकडो जण बसलेत आणि सगळे एकाच तालात पायडल मारतायत. हे पायडल मारणारे म्हणजे वीजकेंद्रं. चढ लागला, म्हणजे लोकांनी जास्त वीज ओढली, की सायकल मंदावते आणि वारंवारता ५० च्या खाली जाते. उतार लागला की ती वर जाते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर आणि रायचूर यांना जोडणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारतही या सायकलीवर येऊन बसला. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच नाडी आहे.

तोल गेला तर काय होतं, ते २०१२ साली देशानं पाहिलं. ३० जुलैच्या पहाटे उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या, बंगालमध्ये खाणकामगार जमिनीखाली अडकले. काही राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली होती आणि त्यातच एक मोठी वाहिनी बंद पडली होती. आपला पश्चिम विभाग सुदैवानं वाचला.

शाळेच्या तासिका आठ, विजेच्या शहाण्णव

असा प्रसंग येऊ नये म्हणून वेळापत्रक करावं लागतं. तुमच्या शाळेत दिवसाच्या सात-आठ तासिका असतात. विजेच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडतात. २४ तासांत किती झाले? करा हिशेब. शहाण्णव!

उद्याच्या या प्रत्येक तुकड्यात राज्याला किती वीज लागेल याचा अंदाज आजच बांधायचा. वीज पोहोचवणारी महावितरण आपली गरज सांगते. वीजकेंद्रं आपण किती देऊ शकतो ते सांगतात. या सगळ्याचा मेळ बसतो ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात. त्याच्यावर पश्चिम विभागाचं केंद्र मुंबईत अंधेरीला आहे आणि सगळ्यांच्या वर राष्ट्रीय केंद्र दिल्लीत. नियम साधा आहे. जिची वीज स्वस्त, तिचा नंबर आधी. गरज वाढेल तसा महागड्या केंद्रांना आवाज द्यायचा.

सुप्याच्या बाजूला डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. गंमत म्हणजे वाऱ्यालासुद्धा या वेळापत्रकातून सुटका नाही! उद्या दुपारी अमुक पंधरा मिनिटांत वारा किती वीज देईल, याचा अंदाज पवनऊर्जावाल्यांना आधी कळवावा लागतो.

आणि दिलेला शब्द मोडला तर? तर पैसे मोजावे लागतात. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली किंवा कमी बनवली, की त्याचा हिशेब वेगळा होतो आणि जाळं अडचणीत असताना असं केलं तर तो चांगलाच महागात पडतो. पूर्वी अशी शिस्त नव्हती. देशात सर्वांत आधी ती लागू झाली आपल्या पश्चिम विभागात, १ जुलै २००२ पासून.

नियोजन किती बारीक असतं त्याचं एक उदाहरण देतो. ५ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या दिवसांत, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरोघरचे दिवे बंद केले होते. तुम्ही तेव्हा लहान असाल. घरी विचारा, सगळ्यांना आठवत असेल. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे १,१७,००० मेगावॅटवरून ८५,००० पर्यंत घसरली आणि लगेच पुन्हा वर आली. एवढा मोठा उतार आणि लगेच चढ! तरी सायकल पडली नाही, कारण ठरवून आधी जलविद्युत केंद्रं चालवली आणि बरोबर त्या वेळी त्यांचं पाणी आवरून धरलं. कोळशाचं केंद्र बंद करून पुन्हा चालू करायला कित्येक तास लागतात. पाण्याचं केंद्र मात्र काही मिनिटांत वरखाली होतं.

रतीब आणि जादा दूध

वेळापत्रक समजलं. पण ही वीज विकत कशी घेतात?

तुमच्या घरी दुधाचा रतीब असेल. रोज दोन लिटर. पाहुणे आले की कुणीतरी तुम्हालाच किटली देऊन पिटाळतं, "जा, जादा दूध घेऊन ये." विजेचंही तसंच. महावितरण बहुतेक वीज रतीबानं घेते, म्हणजे पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी. या रतीबाची एक अट असते. दूध घ्या किंवा न घ्या, म्हशीच्या वैरणीचे पैसे द्यायचेच. याला स्थिर आकार म्हणतात. घेतलेल्या प्रत्येक लिटरचे, म्हणजे प्रत्येक युनिटचे पैसे वेगळे.

पूर्वी म्हैस, गवळी आणि किटली सगळं एकाचंच होतं. १९६० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ वीज बनवायचं, वाहून न्यायचं आणि घरोघर द्यायचं. २००३ साली नवा वीज कायदा आला आणि २००५ मध्ये मंडळाचे भाग झाले. बनवणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर देणारी महावितरण. खासगी कंपन्यांनाही वीज बनवायची आणि कुणालाही विकायची मोकळीक मिळाली. आता विकणारे पुष्कळ, घेणारे पुष्कळ, मग बाजार भरणारच!

तो भरला २००८ साली. जूनमध्ये इंडियन एनर्जी एक्स्चेंज आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं पॉवर एक्स्चेंज इंडिया सुरू झालं. २०२२ मध्ये हिंदुस्थान पॉवर एक्स्चेंज ही तिसरी बाजारपेठ आली. रोज सकाळी दहा ते दुपारी बारा या वेळात उद्याच्या विजेच्या बोली लागतात. रतीब कमी पडणार असेल तर घ्यायची, उरणार असेल तर विकायची.

कांद्याचा लिलाव आणि विजेचा लिलाव

बाजार समितीत कांद्याचा लिलाव कसा होतो, तुम्ही पाहिलाय ना? प्रत्येक वक्कलाला वेगळा भाव. गोळा कांद्याला चढा, जोडकांद्याला पडका. व्यापारी समोरासमोर बोली बोलतात. विजेत मात्र गोळा कांदा आणि जोडकांदा असा भेदच नाही. सगळी वीज सारखी. त्यामुळे इथं बोली बंद पाकिटात द्यावी तशी गुपचूप द्यायची आणि त्या तुकड्यापुरता सगळ्यांना एकच भाव!

एक लुटुपुटीचा बाजार मांडू या. वेळ संध्याकाळी ७ ते ७.१५.

विकणारे तिघं. पहिला म्हणतो, माझ्याकडे १०० मेगावॅट आहे, युनिटला निदान ३ रुपये हवेत. दुसऱ्याकडे १५० मेगावॅट, निदान ५ रुपये. तिसऱ्याकडे १००, निदान ८ रुपये.

घेणारेही तिघं. पहिल्याला १५० मेगावॅट हवी, तो ९ रुपयांपर्यंत देईल. दुसऱ्याला ५० हवी, ६ रुपयांपर्यंत. तिसऱ्याला १०० हवी, पण तो ४ रुपयांच्या वर जाणार नाही.

आता संगणक विकणाऱ्यांना स्वस्ताकडून महागाकडे आणि घेणाऱ्यांना महागाकडून स्वस्ताकडे रांगेत उभं करतो. जोड्या लागत जातात. पहिल्या दोन ग्राहकांना मिळून २०० मेगावॅट हवी. त्यातली १०० पहिल्या विक्रेत्याची, उरलेली १०० दुसऱ्याची. इथं दोन्ही रांगा थांबतात, कारण पुढचा ग्राहक चारच रुपये देणार आणि वीज पाच रुपयांची आहे. शेवटची वीज ज्या भावाला विकली गेली, तो भाव सगळ्यांना. म्हणजे ५ रुपये. तीन मागणाऱ्यालाही पाच मिळाले आणि नऊ द्यायला तयार असणाऱ्यालाही पाचच पडले. आठ रुपयेवाला त्या दिवशी घरी बसला. वहीत मांडून बघा, मजा येते.

अशा शहाण्णव लिलावांचे निकाल एकदम लागतात. पण समजा, उद्याचा अंदाजच चुकला, अचानक ढग आले किंवा एखादं केंद्र बंद पडलं, तर? त्यासाठी १ जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला भरणारा तातडीचा बाजारही आहे. पाहुणे दारात आल्यावर किटली घेऊन पळण्यातला प्रकार!

बाजाराला राखण हवी

तुम्ही म्हणाल, वा! छानच आहे की ही पद्धत. पण थांबा. बाजार म्हटला की लबाडीही आली.

आपल्या कोकणात गुहागर तालुक्यात दाभोळचा मोठा वीजप्रकल्प उभा राहिला. त्यामागे एन्रॉन ही अमेरिकन कंपनी होती. १९९३ साली वीज मंडळाशी करार झाला आणि १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. पण करारातली वैरण फार महाग होती. इंधन महागलं, डॉलर महागला, बिल फुगत गेलं आणि वीज घेतली नाही तरी मोठा आकार द्यावाच लागे. शेवटी २००१ च्या मे महिन्यात मंडळानं ही वीज घेणंच थांबवलं.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं विजेचा बाजार खुला केला होता. २००० आणि २००१ साली तिथं भाव आभाळाला भिडले आणि श्रीमंत राज्यात भारनियमन करावं लागलं. पुढे एन्रॉनच्या व्यापाऱ्यांची फोनवरची संभाषणं बाहेर आली. चालू केंद्र काहीतरी कारण काढून बंद ठेवा, असं ते सांगत होते. म्हणजे टंचाई करायची आणि भाव चढवायचा. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचं दिवाळं निघालं.

म्हणून बाजारावर पंच लागतो. आपल्याकडे दिल्लीत केंद्रीय विद्युत नियामक आयोग आहे आणि महाराष्ट्राचा स्वतःचा आयोग १९९९ पासून आहे. मार्च २०२२ मध्ये उन्हाळा कडक होता आणि कोळसा कमी. बाजारातला भाव युनिटला २० रुपयांपर्यंत गेला. तेव्हा केंद्रीय आयोगानं एप्रिलमध्ये १२ रुपयांची मर्यादा घातली आणि २०२३ मध्ये नेहमीच्या व्यवहारांसाठी ती १० रुपयांवर आणली.

मग आमची लाईट रात्रीच का?

आलो परत पारनेरला! आता तुमच्या वडिलांच्या कानटोपीचं कोडं सोडवू या.

दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकानं चालू. संध्याकाळी घरोघर दिवे, टीव्ही, मिक्सर. मागणी शिगेला. मध्यरात्री सगळं सामसूम. पण कोळशाची केंद्रं तर रात्रीपुरती विझवता येत नाहीत. ती वीज द्यायची कुणाला? नियोजन करणाऱ्यांनी पाहिलं, की घरातला दिवा सकाळपर्यंत थांबणार नाही, पण कांद्याचा वाफा थांबेल. शेतीच्या वाहिन्या वेगळ्या होत्याच. त्यांचे गट पाडले आणि थ्री फेजच्या आठ तासांची पाळी लावली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. राज्याचा तोल सांभाळायला सगळ्यात सोयीचं वजन म्हणजे शेतकऱ्याची मोटार!

तेव्हा रात्री दोनची लाईट हा काही वायरमनचा लहरीपणा नव्हे. शहाण्णवांपैकी त्या काही तुकड्यांत मुद्दाम लिहिलेली ती नोंद असते. हिशेब बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात युनिट आणि रुपये मोजले जातात. थंडी, साप, बिबट्या आणि दारात जागी असलेली आई यांच्यासाठी त्यात रकाना नाही.

पण आता हिशेबच उलटा होऊ लागलाय, बरं का! देशात सौरऊर्जा वाढली, त्यामुळे भरदुपारी बाजारात वीज भरपूर असते आणि भाव उतरतो. काही दिवशी तर दोन-अडीच रुपयांच्याही खाली. सूर्य मावळला की तोच भाव चढतो आणि कधीकधी दहाच्या मर्यादेला टेकतो. जी दुपार शेतीला नाकारली जायची, तीच आता स्वस्त झाली आहे.

आणि याची सुरुवात कुठं झाली, माहीत आहे? तुमच्याच तालुक्यात! शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तेव्हा २०१७ साली राळेगणसिद्धीला दोन मेगावॅटच्या सौरप्रकल्पाची पायाभरणी झाली. एक मेगावॅटवर पाच अश्वशक्तीच्या साधारण अडीचशे मोटारी चालतात. म्हणजे ऊन चांगलं असेल तर दोनवर पाचशे. वीज जवळच्या उपकेंद्रातून थेट शेतीच्या वाहिनीवर. २०२३ मध्ये योजनेचा मोठा दुसरा टप्पा सुरू झाला. जिथं ती पोहोचली, तिथले शेतकरी उन्हात पाणी भरू लागले. जिथं नाही, तिथं बॅटरी आणि काठी अजून दाराशी आहेत.

ढगाळ दिवसाचं काय, संध्याकाळचं काय, हा प्रश्न राहतोच. त्याचं एक उत्तर आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात घाटघरला आहे. तिथं वीज मुबलक असते तेव्हा कड्याखालच्या चोंढे धरणातलं पाणी पंपानं वर चढवतात आणि टंचाईच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅट वीज बनवतात. चार युनिट खर्चावी तेव्हा साधारण तीन परत मिळतात. तोट्याचा धंदा? दुपारी दोन रुपयांची वीज आणि संध्याकाळी दहाची, असा भाव धरून हिशेब करा आणि मग सांगा!

तुम्ही काय कराल?

एक वही घ्या. आठवडाभर रोज लिहा, की आपल्या शेताची थ्री फेज कधी आली, कधी गेली आणि वडील किंवा आजोबा किती वाजता परत आले. शहरात राहणाऱ्यांनी लिहावं, की संध्याकाळी सात ते दहा घरात काय काय चालू होतं आणि त्यातलं दुपारी काय उरकता आलं असतं. इस्त्री? पाण्याची टाकी भरणं? धुण्याचं यंत्र?

वही भरली की वर्गात आणा आणि पारनेरची वही नि पुण्या-मुंबईच्या मावसभावाची वही शेजारी ठेवून बघा. एकाच जाळ्यातल्या एकाच रात्रीच्या त्या दोन नोंदी असतील. मोठेपणी तुमच्यापैकी कुणीतरी ऐरोलीच्या त्या खोलीत बसून वेळापत्रक आखेल. तेव्हा रात्री दोनचा तुकडा भरताना ही वही आठवू द्या, म्हणजे झालं.